गावाच्या मालकीचा गुत्ता

हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात कशावर लिहावे याचे काही संकेत ठरून गेले आहेत. शिक्षणाची घसरण, वाचनाची उपेक्षा, फार तर एखाद्या गुरुजींची आठवण. मी या वेळी गुत्त्यांवर लिहिणार आहे. संपादकांना तसे आधीच कळवले होते. त्यांचे उत्तर आले, ‘लिहा, पण जरा सांभाळून.’ तेव्हा सांभाळून लिहितो.

पहिली अडचण शब्दाची. ‘बार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या काचा, अंधार आणि मान खाली घालून आत शिरणारा माणूस उभा राहतो. ‘गुत्ता’ हा तर मक्त्याचा शब्द. सीमाभागातल्या वाचकांना कन्नडमधल्या ‘गुत्तिगे’चा अर्थ सांगायला नको. सरकारने दारूचा ठेका दिला, ज्याने घेतला तो गुत्तेदार आणि तो जिथे विकतो तो गुत्ता. या शब्दात सरकार आहे, ठेकेदार आहे, पण तिथे येऊन बसणारा माणूस कुठेच नाही. इंग्रजांचा ‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’चा संक्षेप, म्हणजे चारचौघांचे घर. वेल्श भाषेत त्याला ‘तावार्न’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘ताबेर्ना’. त्याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीज रूप जहाजातून गोव्याला उतरले आणि तिथे ‘तावेर्न’ झाले. चोर्ला घाट उतरलेल्या पुष्कळ बेळगावकरांना ते ठाऊक आहे, कबूल किती जण करतील हा प्रश्न निराळा.

मी स्वतः व्रतस्थ नाही आणि शौकीनही नाही. परंतु दारूचे कौतुक माझ्याच्याने होत नाही. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाने हजेरीपटावरून गळालेली नावे पाहिलेली असतात आणि त्यांतली बरीचशी बापाच्या बाटलीने पुसलेली असतात. आठवीतला एक मुलगा संध्याकाळच्या कबड्डीला कधी थांबत नसे. चौकशी केली तेव्हा कळले, त्या वेळी तो बापाला बारच्या पायरीवरून उठवून घरी नेत असे. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी बंद झाली, ती पाकिटे गेली. पिणारे मात्र गेले नाहीत, ते बाटलीकडे वळले. हे सगळे ध्यानात ठेवूनच पुढचे लिहीत आहे.

२०२५च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता लेकीकडे गेलो. लेक-जावई रेक्सम येथे असतात. रेक्सम हे वेल्सच्या अगदी काठावरचे शहर, थोडे पूर्वेला गेले की इंग्लंड. म्हणजे हाही सीमाभागच. रस्त्यावर गाडी सावकाश हाका म्हणून रंगवलेले असते तेही दोन भाषांत, ‘आराव’ आणि ‘स्लो’. पहिल्याच दिवशी हे बघून मला घरी आल्यासारखे वाटले. मात्र पाट्या दोन भाषांत असल्या तरी रस्त्यावर कानी पडते ती इंग्रजीच. २०२१च्या जनगणनेनुसार या रेक्सम परिसरात वेल्श बोलणारे शंभरात बारा.

शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहत. एकटे, सत्तरीचे, वेल्श आईचे आणि इंग्रज बापाचे. त्यांनी आमचे पब-शिक्षण हाती घेतले. चांगला पब कसा ओळखावा याबद्दल त्यांची मते आपल्याकडच्या गवयांच्या घराण्यांइतकी ठाम होती. बाहेरची सोनेरी पाटी आणि साल पाहू नये, ‘अमुक शतकापासून’ असे लिहायला रंगच लागतो. आत जाऊन आधी काउंटरवरच्या उभ्या मुठी मोजाव्या. या मुठी म्हणजे हातपंप. तळघरातल्या पिंपातली एल नावाची बिअर त्या ओढून वर काढतात. मुठी दहा आणि गिऱ्हाईक चार असले तर उलट पावली बाहेर पडावे.

याचे कारण त्यांनी समजावून दिले आणि ते मला विज्ञानाच्या पाठासारखे वाटले. पिंपातली एल ही जिवंत वस्तू आहे. कारखान्यातून निघताना तिच्यातले यीस्ट मेलेले नसते, पबच्या तळघरात तिचे आंबणे पुरे होते. तिला बर्फासारखे थंड करायचे नसते, तळघराचे अकरा ते तेरा अंश पुरतात. पण पिंपाला एकदा तोटी लावली, आत हवा गेली, की तीनेक दिवसांत ते संपले पाहिजे, नाहीतर एलला आंबूस चव येते. नेहमीच्या पिंपात नऊ गॅलन म्हणजे बहात्तर पाइंट मावतात आणि एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. तेव्हा चांगली एल मिळते याचा अर्थच असा, की तिथे रोज माणसे येतात. माणसे येईनाशी झाली की पहिल्यांदा एल बिघडते, मग मालक ती ठेवणे सोडतो आणि बंद डब्यांतल्या थंडगार बिअरवर धंदा चालवतो. १९६०नंतर मोठ्या कंपन्यांनी हेच सर्रास सुरू केले होते. त्याला कंटाळून चार इंग्रज तरुणांनी १९७१ साली ‘कॅमरा’ ही खऱ्या एलसाठी चळवळ करणारी संस्था काढली. काढली ती इंग्लंडमध्ये नव्हे, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला डनक्विन नावाच्या खेड्यातल्या एका पबात बसून, आणि ते खेडे नेमके आयरिश भाषिक मुलखातले. १९७४पासून त्यांचा चांगल्या पबांचा मार्गदर्शक ग्रंथ दरवर्षी निघतो. आमच्या शेजाऱ्यांकडे त्याच्या जुन्या प्रतींची एक फळी होती. आपल्याकडे पंचांगे ठेवतात तशी.

जेवणाबद्दलही त्यांचा नियम होता. यादी लांब असेल तर स्वयंपाकघरात शीतपेटी मोठी आणि आचारी लहान असे समजावे. फळ्यावर खडूने चार पदार्थ लिहिले असतील तिथे बसावे. कोकराचे मांस आणि लीक नावाच्या कांद्याच्या भावंडाचे ‘काउल’ हे सूप वेल्समध्ये मिळते. ते आमच्या हिला चालण्यासारखे नव्हते, म्हणून तिच्यासाठी वेल्श रॅरबिट मागवले. पावाच्या भाजलेल्या कापावर वितळलेल्या चीजचा दाट थर, झणझणीत मोहरी घातलेला. तिला फार आवडले. त्या चीजमध्ये एल घालतात हे मी तिला बेळगावला परतल्यावर सांगितले.

शेजाऱ्यांची शेवटची कसोटी मात्र एलचीही नव्हती आणि जेवणाचीही नव्हती. कोपऱ्यात एखादा म्हातारा अर्धा ग्लास घेऊन तासभर बसला असेल आणि त्याला कोणी उठवत नसेल, तर ती जागा चांगली. हा म्हातारा ते स्वतः होते हे माझ्या हळूहळू लक्षात आले. एका पाइंटला पाच पौंडांच्या आगेमागे पडतात, पेन्शनीत रोज परवडणारे नव्हे. पण अर्ध्या ग्लासावर संध्याकाळ निघते. घरात त्यांच्याशी बोलणारे कोणी नव्हते. इथे चारजण नावाने हाक मारत, एखाद्या दिवशी ते दिसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कोणी घरी डोकावून जाई.

रेक्सममध्ये त्यांनी दाखवलेल्यांपैकी एक पब ‘साइथ सेरेन’, म्हणजे सात तारे. जुना ‘सेव्हन स्टार्स’ बंद पडला, तेव्हा वेल्श बोलणाऱ्यांनी सहकारी पद्धतीने तो चालवायला घेतला आणि २०१२ साली वेल्श भाषेचे केंद्र म्हणून उघडला. खाली पब, आणि त्याच छपराखाली भाषेचे वर्ग, गाण्याच्या बैठका, सभा. २०१५ साली तो पैशांअभावी बंद होण्याच्या बेतात होता, लोकांनी धावाधाव करून वाचवला. आम्ही गेलो तेव्हा ऑगस्ट २०२५मध्ये रेक्समला भरणाऱ्या राष्ट्रीय आइस्टेद्वोदची बोलणी चालली होती. आइस्टेद्वोद म्हणजे त्यांचे साहित्य संमेलन आणि संगीत महोत्सव एकत्र. तिथे काव्यस्पर्धेतल्या विजेत्या कवीला खुर्चीवर बसवतात. (आपल्या संमेलनांत खुर्चीसाठी काव्य लागत नाही.) आमच्या सहा वर्षांच्या नातवाने सरबताचा ग्लास घेताना ‘दियोल्ख’ म्हटले. ‘आभारी आहे’चे हे वेल्श रूप त्याला शाळेत शिकवलेले. काउंटरवरच्या मुलीच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. हिने मात्र मला कोपराने खुणावले. नातवाला वेल्शमध्ये आभार मानता येतात, पण आजीने मराठीत काही विचारले की उत्तर इंग्रजीत येते.

शेजारी म्हणाले, खरे बघायचे असेल तर पश्चिमेला जा, लीनला जा. ‘लीन’ हा उच्चार मी केवळ सोयीसाठी लिहितो. सुरुवातीचा ‘ल’ जिभेच्या कडेने नुसती हवा फुंकून काढायचा असतो. मला तो आला नाही, नातवाला आला. लीन हे उत्तर वेल्सचे समुद्रात गेलेले टोक, ग्विनेद परगण्यातले. २०२१ साली सबंध वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के, म्हणजे ५ लाख ३८ हजार निघाले. ग्विनेदमध्ये मात्र तीच टक्केवारी ६४ होती.

एका शुक्रवारी जावई आम्हाला घेऊन निघाले. डोंगरांतून वळणे घेत दुपारी लिथवाइन नावाच्या खेड्यात पोचलो. मागे ‘अर आइवल’ नावाची तीन शिखरे, खाली समुद्र. इंग्रजांनी या नावाचे नकाशावर ‘द रायव्हल्स’ करून टाकले, म्हणजे प्रतिस्पर्धी. नावांची अशी शुद्धी आपल्यालाही परिचित आहे.

या खेड्यातला पब म्हणजे ‘तावार्न अ विक’. मूळ नाव व्हिक्टोरिया, त्याचे ‘विक’. १९८०नंतरच्या दशकात तो बंद पडला, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे गोळा करून तो विकत घेतला आणि १९८८ साली आपल्या मालकीने उघडला. पब गेला तर माणसांनी भेटायचे कुठे, हा त्यांच्यापुढचा सरळ प्रश्न होता. आणि रिकामी पडलेली इमारत उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या कोणा श्रीमंताचे दुसरे घर झाली तर त्या खिडक्यांत हिवाळाभर दिवा दिसणार नाही, हीही भीती होती. सहकाराची हवा त्या भागात आधीपासून होती. शेजारच्या गावात स्थायिक झालेले डॉक्टर कार्ल क्लाउझ यांनी १९७४ साली गावाची सहकारी संस्था काढली. लिथवाइनखालच्या दरीतली ओसाड पडलेली खाणकामगारांची वस्ती ‘नांत गुर्थेर्न’ त्यांच्या पुढाकाराने १९७८ साली विकत घेतली गेली आणि तिथे वेल्श भाषा शिकवणारे केंद्र उभे राहिले. दिवसा दरीत भाषा शिकलेली माणसे ती बोलायला संध्याकाळी वर गावात येऊ शकतात. वर्ग आणि कट्टा एवढ्या जवळ असलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

आम्ही आत गेलो तेव्हा सात-आठ टेबले भरलेली होती. इंग्रज पाहुण्यांची वेल्श पबांबद्दल एक जुनी तक्रार आहे, ‘आम्ही दार उघडले आणि सगळे एकदम वेल्श बोलायला लागले!’ तिथल्या लोकांचे उत्तर असे, की बाबांनो, दार उघडण्यापूर्वीही आम्ही तेच बोलत होतो, तुम्हाला ऐकू आले तुम्ही आत आल्यावर. मी बारकाईने पाहत होतो. काउंटरवरच्या बाईंनी पहिले शब्द वेल्शमध्ये उच्चारले. आमचे चेहरे पाहून सहज इंग्रजीवर आल्या, मागे वळून आतल्या मुलाला काही सांगितले ते पुन्हा वेल्शमध्ये. टेबलांवरची बोलणी जशी होती तशीच चालू राहिली. कोणी आवाज चढवला नाही, कोणी दबक्या आवाजातही बोलले नाही. आपल्याकडे पाच मराठी माणसांत सहावा परका आला की पाचही जण त्याच्या भाषेवर जातात, आणि तो उठून गेल्यावरही थोडा वेळ त्याच भाषेत राहतात. आपण त्याला सौजन्य म्हणतो. इथले सौजन्यही मला कमी वाटले नाही. आमच्याशी बोलताना ते पूर्ण आमच्याशी बोलत, आणि आपसांत बोलताना आपले असत.

मी अर्धा पाइंट घेतला. शेजारच्या नेविन गावातल्या कूरू लीन या लहान कारखान्याची एल. ‘कूरू’ म्हणजे बिअर. रंग चहासारखा, चव कडसर, शेवटी किंचित गोड. आणखी सांगण्याइतका मी जाणकार नाही. पिंप ताजे होते एवढे मला आता कळत होते.

शेजारच्या टेबलावरचे एक मेंढपाळ शेतकरी गप्पांत आले. घरी आम्ही कोणती भाषा बोलतो हे त्यांनी विचारले आणि थोडे बोलून दाखवा म्हणाले. हिने नातवाला उद्देशून ‘सांडू नकोस रे, सरळ बस’ म्हटले, त्यावर टेबल खूश झाले. मग त्यांनी विचारले, ही बोलणारे किती? मी म्हणालो, २०११च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख. ते ग्लास खाली ठेवून हसू लागले. शेजाऱ्यांना वेल्शमध्ये आकडा सांगितला, तेही हसले. ‘आठ कोटी! मग तुम्हाला काळजी कसली?’

मी त्यांना सांगू लागलो. आमचे गाव कोणत्या राज्यात आहे आणि आम्ही कोणती भाषा बोलतो, १९५६पासूनचे काय काय. आमच्या बाजारात भाजीवाली हिशेब कन्नडमध्ये करते आणि पोरावर मराठीत ओरडते, आणि त्यात आम्हाला कधी काही वावगे वाटले नाही. पण माझ्या शाळेत पाचवीला तीन तुकड्या होत्या त्यांची आता एक झाली आहे, ती कन्नडमुळे नव्हे, इंग्रजी माध्यमामुळे. आठ कोटींपैकी माझ्या गल्लीत संध्याकाळी किती उरतात, हे जनगणनेत येत नाही. शेतकरीबुवा ऐकत होते. एकदा मान हलवून म्हणाले, ‘हां, गल्ली. गल्लीचे मला कळते.’

काउंटरवरच्या बाई आमचे बोलणे ऐकत असाव्यात. मी शाळेचा मुख्याध्यापक आहे हे कळल्यावर म्हणाल्या, ‘आमच्याही शाळेत मुले वर्गात वेल्शमध्ये छान उत्तरे देतात. पण एकमेकांना चिडवतात कुठल्या भाषेत, ते मी इथे बसून बघते.’ मी विचारले, कुठल्या? ‘शुक्रवारी वेल्शमध्ये. शनिवारी पाहुणे येतात, तेव्हा सांगवत नाही.’

या गोष्टीला एक मजेदार पार्श्वभूमी आहे. लीनमध्ये वेल्श टिकली ती मुख्यतः चॅपेलमुळे. १५८८चे वेल्श बायबल, रविवारच्या शाळा, सामुदायिक गायन यांनी गरिबातल्या गरिबाला आपली भाषा वाचायला शिकवली. आणि चॅपेल दारूच्या कट्टर विरोधात. १८८१ साली ब्रिटिश संसदेने वेल्समधले पब रविवारी बंद ठेवण्याचा कायदा केला, वेल्ससाठी म्हणून केलेला आधुनिक काळातला तो पहिला कायदा मानतात. १९६१पासून दर सात वर्षांनी जागोजागी मतदान होई, रविवारी पब उघडे असावेत की नसावेत. महाराष्ट्रात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान होते, त्याचीच आठवण यावी. कार्डिफ, स्वान्सी पहिल्याच फेरीत ओले झाले. सगळ्यांत शेवटी, १९९६पर्यंत कोरडा राहिला तो ड्विवोर जिल्हा, म्हणजे हाच लीनचा मुलूख. तोवर विक गावाच्या मालकीचा होऊन आठ वर्षे झाली होती, आणि रविवारी त्याच्या दाराला कुलूप असे.

याच टापूत लानिस्टिमद्वी हे लॉइड जॉर्जचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात या गृहस्थांनी दारू हा जर्मनीहूनही मोठा शत्रू असल्याचे जाहीर केले होते. मामा चॅपेलचा उपदेशक, त्यांच्याच घरी हे वाढले. त्या गावातला ‘तावार्न अ प्लि’ हा पब २०१९ साली गावकऱ्यांनी भाग-भांडवल उभारून विकत घेतला. दक्षिणेकडे रोझबुश येथला लाल पत्र्याचा ‘तावार्न सिंक’ २०१७ साली असाच लोकांनी घेतला. चॅपेले ओस पडत चालली आहेत, काहींची राहती घरे झाली आहेत. तिथे जमणारी माणसे गेली कुठे, याचे उत्तर थोडेफार या पबांत मिळते. लॉइड जॉर्जचे मामा काय म्हणाले असते कोण जाणे.

ही माणसे कमी पितात असे मी म्हणणार नाही. शनिवारी रात्री रेक्समच्या रस्त्यावर जे दिसते ते आपल्या रस्त्यावर दिसते त्याहून फारसे वेगळे नाही. पण शुक्रवारी विकमध्ये तीन पिढ्या बसल्या होत्या. आजी चहा पीत होती, नातू खडू घेऊन जमिनीवर बसला होता, आणि कोणाची आई कोणाला शोधत आलेली नव्हती. आठवीतल्या त्या मुलाची मला आठवण झाली. त्याचा बाप ज्या पायरीवर असे, तिथे त्याला नावाने ओळखणारे कोणी नव्हते.

परत आल्यावर पालक सभेत हे सांगितले तेव्हा एका पालकांनी उभे राहून विचारले, ‘सर, म्हणजे आता शाळेत गुत्ता काढायचा म्हणता?’ सगळे खूप हसले. मीही हसलो आणि विषयपत्रिकेवरचा पुढला विषय घेतला. तो विषय असा होता, की शाळेचा मागचा हॉल संध्याकाळी सात ते नऊ माजी विद्यार्थ्यांसाठी उघडावा. दोन कॅरम बोर्ड, वर्तमानपत्रे, आणि गेटावरच्या टपरीवाल्याचा चहा आत आणून. शिपायाच्या जादा दोन तासांचे पैसे कोण देणार यावर पाऊण तास चर्चा झाली आणि मग ठराव झाला.

पहिल्या आठवड्यात अकरा मुले आली, आता वीस-बावीस येतात. त्यांत चार कन्नड शाळेची आहेत, ती आमच्या मुलांच्या ओळखीने येतात. नियम एकच आहे, रात्री नऊला दिवे बंद. भाषेचा कोणताही नियम केलेला नाही. मी अधूनमधून कार्यालयात बसून हिशेब करीत असतो, दार उघडे असते. सोंगटी हुकली की जो आरडाओरडा होतो तो बहुतेक मराठीत होतो, काही वेळा कन्नडमध्ये, आणि शिव्या दोन्ही भाषांच्या मिश्रणात. त्या मला मुख्याध्यापक म्हणून ऐकू येत नाहीत.